एक दिवस, एक सुई

क्लचबाईंचा डावा पाय एका मंगळवारी सकाळी कामावर हजर झाला नाही. त्याने आदल्या दिवशी काही कल्पना दिली नव्हती, रजेचा अर्ज टाकला नव्हता, आणि आजवरची त्याची हजेरी निष्कलंक होती.

बाई त्या वेळी गाडीत होत्या आणि गाडी चढावर होती. बाईंची मोटार शिकवण्याची शाळा होती. शाळा म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायांशीही बसवलेले क्लच आणि ब्रेक. शिकणाऱ्याची अक्कल जिथे संपे तिथे बाईंचे पाय सुरू होत. अर्ध्या शहराला त्यांनी "क्लच, क्लच, क्लच!" असे ओरडत रस्त्याला लावले होते, म्हणून त्यांचे खरे नाव फक्त विजेच्या बिलावर उरले होते.

त्या दिवशी शिकणारा एक दंतवैद्य होता. चढावर मागून ट्रकने भोंगा दिला, तेव्हा त्याने घाबरून दोन्ही पाय वर उचलून घेतले. बाईंचा उजवा पाय ब्रेकवर गेला. डाव्यालाही हुकूम सुटला, पण तो वाटेतच कुठेतरी राहिला. गाडीने आचके दिले आणि भर चौकात मान टाकली.

"माझं चुकलं बाई," दंतवैद्य म्हणाला.

"नाही हो. या वेळी माझं चुकलं."

बाईंच्या तोंडून हे वाक्य आजवर कोणी ऐकले नव्हते. दंतवैद्य आधीपेक्षा जास्त घाबरला आणि त्याने टॅक्सी करून बाईंना घरी पोचवले.

घरी त्यांची लेक होती. ती ग्रंथालयात काम करी. तिने आईचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्याला गुदगुल्या केल्या. लहानपणी आई तिला अशीच उठवत असे.

"कळतंय?"

"कोणाचा तरी पाय आहे एवढं कळतंय," आई म्हणाली. "माझाच आहे याची खात्री देत नाही."

यथावकाश दोघी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांसमोर बसल्या. डॉक्टरांनी एमआरआयची चित्रे दिव्यावर लावली. मेंदूत आणि कण्यात पांढरे ठिपके होते, जणू कोणी चुना लावलेला ब्रश झटकला होता. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस असावा. शरीराचे पहारेकरीच वेडे होतात आणि नसांवरचे वेष्टण कुरतडतात.

"म्हणजे वायरिंग उघडं पडलंय," बाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर. पण 'असावा' म्हणालो मी. 'आहे' नाही म्हणालो. 'आहे' म्हणायला दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. जागा आणि काळ. आजार एकाहून जास्त जागी झालाय, हे ठिपके सांगतात. तो एकाहून जास्त वेळा झालाय, हे अजून सिद्ध व्हायचंय."

"ते कसं होणार?" लेकीने विचारले.

"दुसरा झटका आला की."

"तो कुठे येईल?"

"सांगता येत नाही. डोळा, हात, तोल. कधीकधी वर्षानुवर्षं येतही नाही."

"आणि औषध?"

"उत्तम औषध आहे. दुसरा झटका लांबवतं."

"मग आजच सुरू करा ना."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते भले गृहस्थ होते. भली माणसे वाईट बातमी देताना चष्मा काढतात, म्हणजे समोरचा चेहरा नीट दिसत नाही. "औषध मंजूर करतं औषध मंडळ. मंडळाला निश्चित निदान लागतं. आणि निश्चित निदानाला…"

"दुसरा झटका," बाईंनी वाक्य पुरे केले. "म्हणजे छत्री पाहिजे असेल तर आधी भिजून दाखवा."

"एक वाट आहे," डॉक्टर म्हणाले. "कण्यातलं पाणी."

मेंदू आणि कणा ज्या पाण्यात तरंगतात ते पाणी कमरेत सुई घालून थोडेसे काढायचे. प्रयोगशाळेत ते पसरवले की त्यात कधीकधी ठरावीक पट्टे दिसतात. तेच पट्टे रक्तात नसतील, तर भांडण मेंदूच्या घरातच आणि बऱ्याच दिवसांपासून चालू आहे असे समजायचे. मंडळ हा पुरावा दुसऱ्या झटक्याच्या जागी मान्य करीत असे. मात्र पाण्यासोबत रक्त हवे. आवाज आपल्या घरातला की रस्त्यावरचा हे कळायला दोन्हीकडे कान लावावा लागतो. आणि प्रयोगशाळेच्या नियमानुसार दोन्ही नमुने एकाच दिवसाचे हवेत.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "मी गेली कित्येक वर्षं दंतवैद्यांच्या शेजारी बसतेय. सुईला कोण भितं?"

इथे रुग्णालयाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. हे रुग्णालय रुग्णांच्या सुखासाठी नावाजलेले होते. पूर्वी तिथे प्रत्येक विभाग आपापल्या सवडीने रुग्णाला टोचून जाई. लोकांनी तक्रारी केल्या, आणि त्या रास्त होत्या. तेव्हा व्यवस्थापनाने 'रुग्णसुख कक्ष' स्थापून 'एक दिवस, एक सुई' हे धोरण आणले. कोणत्याही रुग्णास एका दिवसात एकाहून अधिक वेळा टोचले जाणार नाही. दाखल होताच मनगटावर गुलाबी कागदी कडे बांधत, आणि सुई झाली की त्यावर यंत्राने तारखेचे भोक पाडत. भिंतीभिंतीवर हसऱ्या सुईचे चित्र होते. प्रवेशद्वाराशी काचेच्या कपाटात धोरणाला मिळालेला करंडक होता, आणि त्याच्यावर रोज फडके मारणारा स्वतंत्र कर्मचारी होता.

बाहेर पडायच्या दाराची रचनाही सुखाचीच होती. तिथे खांबावर दोन बटणे होती. हिरवे हसरे तोंड आणि लाल रडके तोंड. कोणते तरी दाबल्याशिवाय दार उघडत नसे. हिरवे दाबले की दार ताबडतोब उघडे. लाल दाबले की गोड आवाजात सूचना येई: "कृपया इथेच थांबा. आपले दुःख ऐकून घेण्यासाठी अधिकारी येत आहेत." अधिकारी येईपर्यंत दार बंद राही. त्यामुळे या रुग्णालयातून जवळपास प्रत्येक माणूस समाधानी होऊन बाहेर पडत असे.

पाठीतली सुई घालायला एक तरुण निवासी डॉक्टर आली. तिचे डोळे झोपेने जड होते, पण हात हलके होते. तिने बाईंना कुशीवर वळवले, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, मणक्यांमधली जागा बोटाने चाचपली.

"आता हलायचं नाही हं, काकू."

"काकू नको म्हणूस. क्लचबाई म्हण. गाडी येते का तुला?"

"दोनदा नापास झालेय. चढावर गाडी मागे जाते."

"मला उभी राहू दे नीट, मग तुला शिकवते. चढावर मी कोणाला नापास होऊ देत नाही. तुझी फी माफ. पण पाणी एका झटक्यात निघालं पाहिजे."

पाणी एका झटक्यात निघाले. थेंबथेंब नळीत पडले, स्वच्छ, काही नसल्यासारखे. निवासी डॉक्टरने कड्याला भोक पाडले, आणि लेक आईची चाकाची खुर्ची ढकलत रक्ताच्या खिडकीशी गेली.

खिडकीतल्या माणसाने कडे उजेडात धरले. "आजची सुई झाली की."

"ती पाठीत होती," लेक म्हणाली. "ही हातात द्यायचीय."

"रुग्ण एकच ना?"

"हो, पण दोन वेगवेगळ्या—"

"ताई, पाठ वेगळी आणि हात वेगळा असं धोरणात नाही. एक दिवस, एक सुई. उद्या या."

"उद्याचं रक्त चालत नाही. दोन्ही एकाच दिवसाचं लागतं."

"मग उद्या पाणीसुद्धा उद्याचंच घ्या," तो सद्भावनेने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त दिले. कोणास ठाऊक, एखादा समजूतदार माणूस भेटेल अशी आशा होती. प्रयोगशाळेत समजूतदार माणूस होता. त्याने नमुने फेकण्यापूर्वी फोन केला. पाणी कालचे, रक्त आजचे, सबब जोडी अग्राह्य. "फार चांगलं पाणी होतं हो," तो हळहळला. "असं पाणी हल्ली बघायला मिळत नाही."

दुसऱ्या रुग्णालयात जायचे, तर औषध मंडळ याच रुग्णालयाचा अहवाल ग्राह्य धरत होते, कारण याच रुग्णालयात रुग्ण सर्वाधिक समाधानी होते. म्हणून लेक रुग्णसुख कक्षात गेली.

कक्षात मऊ उशा होत्या आणि कुठूनतरी पाण्याचा झुळझुळ आवाज येत होता. सुखाधिकारी उठून उभे राहिले. त्यांनी तिचे सगळे बोलणे मान हलवत ऐकले.

"म्हणजे तुमच्या आईंना एका दिवसात दोनदा दुखावं, अशी तुमची इच्छा आहे?"

"दोन दिवसांत दोनदा दुखलंच ना तिला."

"पण दिवसाला एकदाच."

"आणि ते फुकट गेलं. आता पुन्हा पाठीत टोचावं लागणार."

"तो नवा दिवस असेल," सुखाधिकारी हळुवारपणे म्हणाले. "नव्या दिवसाची नवी सुई हा आपला हक्कच आहे. तो आपल्यापासून कोणी हिरावून घेणार नाही."

"साहेब, दुसरा झटका यायच्या आत हे व्हायला हवं. तिचा डोळा जाऊ शकतो. ती गाडी शिकवते."

सुखाधिकाऱ्यांचे डोळे खरोखरच पाणावले. ते विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "एकाच सुईतून दोन्ही काढता येणार नाही का? डॉक्टर लोक कल्पक असतात. मी आमचा आनंद निरीक्षकच पाठवतो मदतीला."

डॉक्टरांनी हे ऐकून पुन्हा चष्मा काढला. "पाण्यात रक्त मिसळलं तर नमुना बाद होतो," ते म्हणाले. पण निरीक्षकाचा आदेश निघून चुकला होता.

दुसऱ्या खेपेला बाई कुशीवर वळल्या तेव्हा त्यांच्या तोंडासमोर एक प्रसन्न तरुण बसला होता. त्याने त्यांचा हात हातात घेतला होता. सुई आत जात असताना तो म्हणाला, "आत्ता, या क्षणी, आपण किती आनंदी आहात? एक म्हणजे जरा आनंदी, दहा म्हणजे अतिशय."

बाईंना हसू आवरले नाही. त्या हलल्या. सुई एका बारीक शिरेला चाटून गेली आणि नळीत गुलाबी थेंब पडले.

निवासी डॉक्टरचा चेहरा पांढरा झाला. निरीक्षक मात्र टुणकन उठला. "रक्त आणि पाणी! एकाच सुईत!" त्याने नळीचा फोटो काढला. आठवड्याभरात तो फोटो 'नवोपक्रम' या शीर्षकाखाली करंडकाशेजारी लागला. प्रयोगशाळेने कळवले: नमुना रक्तमिश्रित, तपासणी अशक्य.

"माझ्यामुळे झालं," निवासी डॉक्टर म्हणाली.

"अगं पोरी, शेजारचा माणूस स्टिअरिंगला हात घालायला लागला की कोणाचीही गाडी घसरते," बाई म्हणाल्या. "तू आपली समोर बघायचं सोडू नकोस."

त्या सुईने बाईंचे डोके धरले. उठून बसले की कवटी फुटेल असे वाटे, आडवे झाले की शांत. त्या दिवसेंदिवस छताकडे बघत पडून राहिल्या. लेक चहा करून आणी, मान तिरकी करून त्यांना नळीने पाजी. एकदा ती स्वयंपाकघरातून आली तर पांघरुणाखाली आईचा डावा पाय हलत होता. खाली, वर. खाली, वर. आई अंथरुणात क्लच दाबत होती. लेक दारातूनच मागे फिरली, आणि चहा गार झाला असे सांगून तिने दुसरा केला.

त्या संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून तिने धोरणाची पुस्तिका वाचायला घेतली. आजवर ती पुस्तिका कोणी वाचली नसावी. पाने एकमेकांना चिकटलेली होती.

"आई."

"हं."

"यात सगळीकडे 'रुग्णास' असं म्हटलंय. रुग्णास टोचू नये."

"मग?"

"रक्तदाता रुग्ण नसतो."

आई छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लहानपणी तू इतकी लबाड नव्हतीस."

"गाडी कोणी शिकवली मला?"

रुग्णालयाच्याच तळमजल्यावर रक्तपेढी होती. पिशवी घेण्याआधी तिथे दात्याची तपासणी होई आणि एक लहानशी नळी रक्त काढले जाई. लेकीला ती नळीच हवी होती. पिशवी द्यायची नाही, हे तिने आणि आईने आधीच ठरवले होते. नळी वर पाठवायचे काम निवासी डॉक्टरने स्वतःहून अंगावर घेतले. पेढीतला तिचा मित्र तिला म्हणाला होता की आमच्याकडे नळ्यांना कोणी विचारत नाही, सगळे पिशव्यांना विचारतात.

डोके शांत झाल्यावर बाई तिथे गेल्या, तेव्हा पेढीच्या डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब घेतला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"सध्या काही आजार?"

"निश्चित असा एकही नाही," बाई खरे तेच बोलल्या. "आमची केव्हाची धडपड चाललीये."

"पायाला काय झालंय?"

"असावा म्हणतात. आहे म्हणत नाहीत."

पेढीच्या डॉक्टरांना त्या दिवशी दात्यांची टंचाई होती. त्यांनी मान डोलावली. नळी भरली आणि बाईंनी ठरल्याप्रमाणे कपाळाला हात लावला. चक्कर येतेय, पिशवी नको. "होतं असं," डॉक्टर म्हणाले, आणि इच्छेचा आदर म्हणून त्यांनी बाईंना बिस्किटांचा पुडा, 'मी जीवनदाता' असा बिल्ला, आणि तपासणीअंती पूर्णतः निरोगी आढळल्याचे प्रमाणपत्र दिले. प्रत्येकाला देत.

बाई तो बिल्ला छातीवर लावूनच वर गेल्या. मनगटावरचे कडे कोरे होते. निवासी डॉक्टरने श्वास धरून सुई घातली. या वेळी आनंद विचारायला कोणी नव्हते. पाणी दवासारखे आले.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी दोघींना बोलावले. या वेळी त्यांनी चष्मा काढला नाही. "पट्टे आहेत! पाण्यात आहेत, रक्तात नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. निश्चित. अभिनंदन!"

हा आजार आयुष्यभर सोबत राहतो. तो आपल्या आईला असल्याचे पक्के झाले, म्हणून लेकीने डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. मग मायलेकी उपाहारगृहात गेल्या आणि आनंदाने एकेक जास्तीचा चहा प्यायल्या. निवासी डॉक्टर धावत येऊन त्यांच्यात सामील झाली.

"आता औषध सुरू झालं की तुझा पहिला धडा," बाई तिला म्हणाल्या. "चढावरच. सपाटीवर कोणीही चालवतं."

औषध मंडळाची बैठक झाली. मंडळावर अनुभवी माणसे होती. त्यांच्यासमोर दोन कागद होते. एकावर म्हटले होते की या बाई निश्चित आजारी आहेत. दुसरा रक्तपेढीने नियमाप्रमाणे आपण होऊन बाईंच्या नावावर जोडला होता. त्यावर म्हटले होते की या बाई पूर्णतः निरोगी आहेत. तारीख एक, इमारत एक.

लेकीला म्हणणे मांडायची संधी देण्यात आली. तिने सगळे सरळ सांगितले. धोरण, खिडकी, गुलाबी पाणी, रक्तपेढी. काही लपवले नाही.

"म्हणजे पेढीच्या डॉक्टरांनी चुकीचं प्रमाणपत्र दिलं, असं आपलं म्हणणं?" अध्यक्षांनी विचारले.

"त्यांनी नीट बघितलं नाही, एवढंच म्हणतेय."

"आमचे डॉक्टर बघत नाहीत?"

"मग हा पाण्याचा अहवाल चूक आहे का?"

"छे छे. आमची प्रयोगशाळा कधी चुकत नाही." अध्यक्ष दुःखी झाले. "मंडळ दोन्ही विभागांचा आदर करतं. त्यामुळे आपल्या आई आजमितीला निश्चित आजारी आणि पूर्णतः निरोगी आहेत. या स्थितीत औषध देता येत नाही आणि नाकारताही येत नाही. दोन विभागांत रुग्णाने स्वतः निवाडा केलेला बरा."

"कसा?"

"काळ सिद्ध करून."

बाईंनी फार वाट पाहायला लावली नाही. त्या एका सकाळी खिडकीत बसून चौकातल्या सिग्नलकडे बघत होत्या. रस्त्यावर जाता येत नव्हते तेव्हा त्या घरूनच लोकांचे गाडी चालवणे तपासत.

"अगं, बघ त्या लोकांनी काय केलंय. सिग्नलचा लाल दिवा धुऊन टाकलाय. किती फिका झालाय."

लेक खिडकीशी आली. दिवा लालभडक होता.

"एक डोळा झाक बरं," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला.

आईने उजवा डोळा झाकला. "लाल." मग डावा झाकला.

"राख," ती म्हणाली. "राखेसारखा आहे."

उजव्या डोळ्याची नस सुजली होती. डॉक्टरांनी तपासले, लिहिले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मंडळाने मात्र कधी नव्हे ती तत्परता दाखवली. अध्यक्षांनी स्वतः फोन केला. "मंडळातर्फे अभिनंदन! काळ सिद्ध झाला. आता पाण्याच्या पुराव्याची गरजच उरली नाही. मुळात पाणी काढायची काही आवश्यकता होती का, हाही प्रश्नच आहे." औषध त्याच दिवशी मंजूर झाले.

औषध रोज टोचून घ्यायचे होते. सुखाधिकारी ते पाकीट द्यायला रुग्णालयातल्या औषधाच्या खिडकीशी जातीने आले. बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेले पाकीट त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवले आणि ते खऱ्या आनंदाने म्हणाले, "बघा, रोज एक सुई! जणू धोरण बघूनच औषध बनवलंय."

"मला एक सांगा," बाई म्हणाल्या, "गाडी येते का तुम्हाला?"

"हो, म्हणजे काय. तुम्हीच तर शिकवलीत! ओळखलं नाहीत वाटतं? सगळ्या सूचना तोंडपाठ होत्या माझ्या."

"आठवलं. पादचारी आडवा आला तरी तुम्ही आधी आरशात बघत होतात. कारण पुस्तकात आरसा आधी दिला होता."

"आणि ब्रेक तुम्ही मारलात," ते कृतज्ञतेने म्हणाले.

"हो. शिकवणीच्या गाडीत असतो दुसरा ब्रेक."

गाडीच्या टपावरची 'शिकाऊ' पाटी बाईंनी आदल्याच दिवशी उतरवायला सांगितली होती. लेक स्टुलावर चढून स्क्रू काढत होती, तेव्हा खाली खुर्चीत बसून त्या पाना देत होत्या. दुसरे क्लच आणि ब्रेक मात्र काढायचे नाहीत असे त्यांनी बजावले. "तू चालवशील तेव्हा मी तिथेच बसणार. पाय ठेवायला काहीतरी हवं." निवासी डॉक्टर त्यांच्या घरी आली होती. बाईंनी तिच्याकडे डाव्या डोळ्याने पाहिले. "चढावर हाफ क्लच, पोरी. एवढं लक्षात ठेव. बाकी ही शिकवेल तुला," असे म्हणून त्यांनी स्टुलावरच्या लेकीकडे बोट दाखवले.

पाकीट मांडीवर घेऊन त्या आता रुग्णालयाच्या बाहेरच्या दाराशी पोचल्या. लेक मागून खुर्ची ढकलत होती. खांबावर दोन्ही तोंडे नेहमीसारखी चमकत होती.

"थांब," आई म्हणाली. तिने डावा डोळा हाताने झाकला आणि उजव्याने खांबाकडे पाहिले. "गंमत आहे. या डोळ्याने बघितलं तर इथे कोणीच नाराज नाही."

लेकीचा हात लाल बटणाकडे गेला. आज तिला थांबायचे होते. अधिकारी येईपर्यंत, हवे तर दिवसभर, थांबून एकेक गोष्ट सांगायची होती. ती मनात पहिले वाक्य जुळवत होती.

"बर्फ वितळतोय गं," आई हळूच म्हणाली. औषध गार राहिले नाही तर वाया जाणार होते.

लेकीने हिरवे बटण दाबले. दार ताबडतोब उघडले. वरच्या फलकावरचा समाधानी रुग्णांचा आकडा एकाने वाढला, आणि त्या आकड्याच्या जोरावर 'एक दिवस, एक सुई' या धोरणाला पुढे मुदतवाढ मिळाली.

आता राहिलात तुम्ही. इथवर येताना तुम्ही दोन-चार ठिकाणी हसलात. छत्रीपाशी तर नक्कीच. त्याची नोंद 'समाधानी' अशी घेतलेली आहे. दार उघडे आहे. आपण जाऊ शकता.